कुत्र्याला गावी पाठवून गोचिडी घरातून जात नाहीत

प्रश्न : आम्ही पुण्यात तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात चार वर्षांचा, 30 किलोचा लॅब्रॅडोर आणि दीड वर्षाचा बोका आहे. जुलैत कुत्र्याला ताप आला, खाणं सुटलं. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट 62,000 होत्या. डॉक्टरांनी गोचीडताप सांगून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवसांसाठी दिल्या. तिसऱ्या दिवशी तो उड्या मारायला लागला, पण गोळी दिली की उलटी व्हायची, म्हणून नवव्या दिवशी बंद केल्या. आता तीन आठवड्यांनी तो परत मलूल आहे. त्यात परवा स्विचबोर्डापाशी भिंतीवर गोचिडी चढताना दिसल्या. तो दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटंच खाली जातो, मग इतक्या आल्या कुठून? बहात्तर वर्षांच्या सासूबाई घाबरल्या आहेत. त्यांनी माकडतापाच्या बातम्या वाचल्या आहेत. त्या म्हणतात, कुत्र्याला जुन्नरला दिरांच्या शेतावर पाठवा, पावसाळा संपला की बघू. यजमानांनी तिथल्या गोठ्यातली गोचिडीच्या औषधाची बाटली आणून ठेवली आहे, रविवारी दोघांनाही त्यानं धुवायचं म्हणतात. शेजारच्या काकूंनी लसूण खाऊ घालायला सांगितलं आहे. काय करावं?

ताई, आधी ती बाटली. रविवारची वाट न बघता ती आजच उंच कपाटात ठेवून द्या आणि बोक्याला तर तिचा वासही लागू देऊ नका. गोठ्यात वापरलं जाणारं औषध बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असतं, नाहीतर अमित्राज. लेबलवर बारीक अक्षरात नाव असेल, ते वाचा. पहिली दोन्ही पायरेथ्रॉइड ह्या कीटकनाशकांच्या गटातली आहेत. कुत्र्याचं यकृत ती पचवून बाहेर टाकू शकतं, मांजराचं नाही. ते काम करणारं एन्झाइम मांजरात फार कमी असतं. माणसांची पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळी मांजराच्या जिवावर बेतते, त्यामागेही हेच कारण आहे. बोक्याला न धुता फक्त कुत्र्याला धुतलं तरी धोका टळत नाही, कारण बोका ओल्या कुत्र्याला बिलगून झोपणार आणि मग स्वतःचं अंग चाटणार. झुरळं-मुंग्यांसाठी दाराशी ओढतात तो खडूही ह्याच गटातला असतो. तो घरात असेल तर पुसून टाका.

कुठे चुकून लागलंच तर मांजराचे कान फडफडतात, कातडी थरथरते, लाळ गळते, नंतर झटके येतात. हे काही तासांत सुरू होतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. अशा वेळी भांडी घासायच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं अंग धुवायचं, पाणी गरम नको. टॉवेलात गुंडाळायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. उलटी करवायची नाही, दूध पाजायचं नाही.

अमित्राज कुत्र्यासाठीही वापरतात, पण मोजून. 12.5 टक्क्यांचं औषध लिटरभर पाण्यात 2 मिली घातलं की 0.025 टक्क्यांचं द्रावण होतं. घरी मात्र ‘एक झाकण’ घातलं जातं, झाकणात पाच-सात मिली सहज मावतं, आणि धुतल्यावर कुत्रा अंग चाटतो. मग तो झिंगल्यासारखा पडून राहतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर वाढते. तुमचा कुत्रा आधीच आजारी आहे, त्याच्यावर हा प्रयोग नको. लसूणही नको. लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचीडतापाचा एक प्रकार नेमक्या त्याच पेशी फोडतो. कापूर, रॉकेल हे घरगुती उपायही नकोत : कापूर चाटला गेला तर झटके येऊ शकतात, रॉकेलनं कातडी भाजते. काकूंचा हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. हळदीचा लेप जखमेवर लावलात तर काही बिघडत नाही, पण गोचीड त्यानं मरत नाही.

आता कुत्र्याचं. हा नवा आजार असेलही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून जुनाच अर्धवट राहिल्याची शक्यता जास्त वाटते. गोचीडताप म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्यात दोन-तीन वेगळे जंतू येतात. एर्लिकिया पांढऱ्या पेशींत लपून बसतो. औषध सुरू झालं की एक-दोन दिवसांत ताप उतरतो, कुत्रा खायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं झालं बरं. जंतू मात्र आतच असतो. 28 दिवसांचा हिशोब त्याला पेशींतून निपटून काढण्यासाठी आहे. मध्येच औषध सोडलं की तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. काही कुत्र्यांत पुढे हाडातल्या मगजावरच घाला घालतो, आणि मग रक्तच तयार होईनासं होतं. नवव्या दिवशी गोळ्या थांबवण्यात तुमचा निष्काळजीपणा नव्हता, उलटी बघून कोणीही घाबरेल. पण त्या उलटीवर उपाय आहे.

गोळी उपाशीपोटी गेली की मळमळतं, आणि नुसती गिळलेली गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे भाजल्यासारखा व्रण पडतो. म्हणून आधी अर्धं जेवण द्यायचं, मग एका घासात लपवून गोळी, मग उरलेलं जेवण, वर थोडं पाणी. आता एक नीट आठवून बघा : गोळी कशात देत होता? आपल्याकडे बहुतेक घरांत ती दहीभातात किंवा दुधात जाते. दुधादह्यातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक आणि कॅल्शियमचं सिरप तेच करतात. दोन्हींत किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ह्या महिनाभरात गोळीच्या जेवणाला चिकनचं पाणी घातलेला भात, उकडलेलं अंडं, रताळं असं काही द्या आणि दहीभात दुपारी. एवढं करूनही उलटी झाली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना फोन करायचा. ते डोस दोन वेळांत विभागून देतील किंवा मळमळीचं औषध जोडतील. मात्रा साधारण दिवसाला किलोमागे 10 मिलिग्रॅम असते, म्हणजे तुमच्या 30 किलोच्या कुत्र्याला दिवसभरात 300 मिलिग्रॅमच्या आसपास. चिठ्ठीवरचा आकडा ह्यापेक्षा फारच वेगळा दिसला तर स्वतः बदलू नका, विचारा. कुत्र्याचं वजन दवाखान्यात परत करून घ्या, आजारात ते उतरतं.

उरलेल्या 19 दिवसांच्या गोळ्या घरात असतील, त्या आज परस्पर सुरू कराव्यात असं वाटेल. तसं करू नका, आधी तपासणी होऊ द्या. कारण दुसरा जंतू बबेसिया असू शकतो. तो तांबड्या पेशींत शिरतो आणि त्याचा उपचारच वेगळा आहे. बबेसियाच्या एका जातीला इंजेक्शन चालतं, तर आपल्याकडे बऱ्याचदा सापडणाऱ्या बबेसिया गिब्सोनीला नेहमीचं इंजेक्शन पुरत नाही, दोन-तीन औषधं जोडून द्यावी लागतात. नुसत्या डॉक्सिसायक्लिनवर महिना घालवला आणि आत बबेसिया असला तर कुत्रा डोळ्यांदेखत फिका पडत जातो. डॉक्टरांना सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि रक्ताची काच (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) दोन्ही करायला सांगा. काचेसाठी कानाच्या टोकाचं रक्त घेतलं तर बबेसिया सापडण्याची शक्यता वाढते. काचेत काही दिसलं नाही म्हणजे जंतू नाहीच असं नसतं, शंका राहिली तर पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करतात. एक गोष्ट लक्षात असू द्या : किटवरची अँटिबॉडीची (जंतूशी लढायला शरीरानं बनवलेल्या घटकांची) टेस्ट आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येते. तिच्यावरून ‘अजून आहेच’ असं ठरवता येत नाही. प्लेटलेट किती चढल्या (निरोगी कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख), त्यावर बघायचं. खर्चाची अडचण असेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा पर्याय आहे, पुण्याकडून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय जवळ पडेल.

दवाखान्यात कधी जायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण ‘परत मलूल’ हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त टोचले. उद्या सकाळीच जा. आणि आज रात्री एवढं बघा. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं नाही. 104 च्या वर गेला तर रात्रीच दवाखाना शोधा. वरचा ओठ उचलून हिरडी बोटानं दाबा आणि सोडा : पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच फिकट असेल, पोटावर किंवा हिरडीवर लाल टाचणीएवढे ठिपके असतील, नाकातून रक्त आलं, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. तापासाठी माणसांची गोळी मात्र देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, आणि तुमच्या कुत्र्याच्या तर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटच कमी आहेत.

आता गावी पाठवण्याचं. सासूबाईंचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं : गोचिडी कुत्र्याबरोबर आल्या, कुत्र्याबरोबर जातील. पण तुमच्या भिंतीवर दिसली ती तपकिरी कुत्रा-गोचीड, आणि ती बहुतेक आयुष्य कुत्र्यावर काढतच नाही. रक्त पिऊन करड्या द्राक्षाएवढी फुगलेली मादी गळून पडते, वर चढते आणि फटीत जाऊन हजारो अंडी घालते. त्यातून सहा पायांची, मोहरीपेक्षा बारीक पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितात, गळतात, फटीत जाऊन कात टाकतात. आठ पायांची होऊन परत चढतात, परत गळतात, परत कात टाकतात. मोठी झाल्यावर रक्त प्यायला तिसऱ्यांदा चढतात. उकाड्यात हे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. म्हणजे कोणत्याही दिवशी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी स्विचबोर्डाच्या मागे, दाराच्या चौकटीत, पडद्याच्या शिवणीत बसलेल्या असतात. ‘दहा मिनिटांत इतक्या आल्या कुठून’ ह्याचं उत्तर हेच : जिन्याखाली झोपणाऱ्या एखाद्या भटक्या कुत्र्याच्या अंगावरून गळलेली, पोट भरलेली एकच मादी दोन-तीन महिन्यांपूर्वी आत आली असेल, बाकीच्या तुमच्याच घरात जन्मल्या. घरात ऊब असल्यामुळे त्या पावसाळ्यानंतरही जात नाहीत, आपल्या हवेत वर्षभर राहतात.

अशा वेळी कुत्रा गावी गेला तर काय होईल? गोचिडी मरणार नाहीत. त्या उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढू शकतात. ह्या जातीला कुत्राच आवडतो, माणसाला ती सहसा चावत नाही, पण भुकेली राहिली आणि कुत्रा मिळाला नाही की माणसावरही चढते. म्हणजे ज्या सासूबाईंना वाचवायला कुत्रा पाठवायचा, त्यांच्याच वाट्याला चावा येण्याची शक्यता वाढते. उलट कुत्रा घरात राहिला आणि त्याच्या रक्तात गोचीडनाशक गोळी असली तर जी चढेल, चावेल, ती मरेल. तुमचा कुत्राच तुमच्या घराचा सापळा आहे. शिवाय आजारी कुत्र्याला 28 दिवस वेळेवर गोळी कोण देणार, हिरड्या कोण बघणार? आणि जुन्नर हा बिबट्याचा भाग आहे. उसाच्या फडाशेजारच्या वस्तीवर रात्री मोकळा किंवा साखळीला बांधलेला कुत्रा त्याला सगळ्यात सोपा सापडतो. घरात वाढलेला लॅब्रॅडोर अंगणात झोपवणं हे मला अजिबात पटत नाही. पुढे कधी पाठवायचाच झाला तर बरा झाल्यावर, आणि रात्री बंद खोलीत ठेवतील ह्या खात्रीवर.

सासूबाईंची भीती मात्र उडवून लावू नका. त्यांना सांगा की माकडताप पसरवणारी गोचीड वेगळी, जंगलातली. आपल्याकडे तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे आणि गोव्यात सत्तरीकडे आढळला. कुत्र्याचा एर्लिकिया कुत्र्याला हात लावून, त्याच्या लाळेतून माणसाला होत नाही. पण हीच तपकिरी गोचीड माणसात ‘इंडियन टिक टायफस’ पसरवू शकते, हे खरं आहे. घरात कोणालाही ताप आला, अंगावर आणि विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ आलं, तर डॉक्टरांना ‘घरात गोचिडी आहेत’ हे न विचारता सांगा. एवढं एक वाक्य सांगितलं तर निदान लवकर होतं. आणि घर साफ होईपर्यंत कुत्रा आणि बोका दोघंही सासूबाईंच्या पलंगावर नकोत.

आता गोचीडनाशक गोळीबद्दल. अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर ह्या महिन्याला एक, फ्लुरालॅनर साधारण 12 आठवड्यांतून एक. वजनाप्रमाणे पाकीट घ्यायचं, मोठी गोळी तोडून दोन कुत्र्यांना द्यायची नाही, आणि फ्लुरालॅनर जेवणाबरोबरच द्यायची. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ह्या गटाच्या औषधांनी फिट येऊ शकते. आजारपणात नेमकी कधी सुरू करायची तेही तेच ठरवतील. गोळी दिल्यावरही अंगावर गोचिडी दिसतील आणि घरचे म्हणतील पैसे वाया गेले. तसं नाही : गोचीड चावली की औषध तिच्या पोटात जातं, आणि मरायला तिला काही तासांपासून दिवसभर लागतो. एर्लिकिया मात्र चावल्यावर काही तासांतच शरीरात जाऊ शकतो, म्हणून गोळी असली तरी रोजचं हातानं तपासणं सुटत नाही. बोक्याला मांजरासाठीचंच वेगळं औषध, मानेवर टाकायचं. कुत्र्याचं उरलेलं ‘थोडंसं’ कधीच नाही.

तपासताना कानाच्या आतली घडी, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा, शेपटीखाली बघा. काढायला बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला टेकवून धरा आणि सरळ, एका संथ ओढीनं काढा. पिळू नका, काडी पेटवून लावू नका, बोटांनी चिरडू नका. बाटलीत थोडं स्पिरिट ठेवा, त्यात टाकत जा. आणि एक खात्री करा की ओढताय ती गोचीडच आहे. नर कुत्र्यालाही पोटावर दोन ओळींत स्तनाग्रं असतात. ती गोचीड समजून ओढून रक्त काढलेली कुत्री दवाखान्यात येत असतात. केस दोन बोटांनी बाजूला करून बघा : गोचिडीला मुळाशी पाय दिसतात.

खरी मेहनत भिंतींवर आहे. स्विचबोर्डाच्या कडा, स्कर्टिंग, चौकटी, फोटोफ्रेमच्या मागे, पडद्याची वरची शिवण, सोफ्याच्या फटी. व्हॅक्यूमचं निमुळतं तोंड आठवड्यातून दोनदा फिरवा आणि कचरा पिशवीत गाठ मारून लगेच बाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर रुंद चिकटपट्टी चिकट बाजू बाहेर येईल अशी हाताला गुंडाळून फटींवरून फिरवा. साफ झालेल्या फटी व्हाइट सिमेंटनं किंवा पुट्टीनं बुजवा, हा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. कुत्र्याची जाड गादी दोन महिने माळ्यावर न ठेवता टाकूनच द्या आणि त्याला दोन पातळ गोधड्या द्या, एक अंगाखाली, एक धुण्यात. गरम पाण्यात धुवा. पावसात कपडे वाळत नाहीत हे खरं, आणि गोचिडीला मारतं ते कोरडी उष्णता, म्हणून वाळलेल्या गोधडीवर, विशेषतः शिवणींवर, कडक इस्त्री फिरवा. गाडीची मागची सीट विसरू नका.

पेस्ट कंट्रोल बोलावणार असाल तर फोनवरच सांगा की घरात मांजर आहे, आणि कोणतं औषध मारणार त्याचं नाव लिहून मागा. पायरेथ्रॉइड असेल तर बोका दिवसभर दुसऱ्या घरी, फरशी पूर्ण वाळून खिडक्या उघडून हवा खेळल्यावरच परत. माशांची टाकी असेल तर झाकून पंप बंद करा. अंडी फवाऱ्यानं मरत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरवूनच घ्या. सगळं नीट केलं तरी दोन-तीन महिने अधूनमधून एखादी दिसेल. संख्या उतरत असेल तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

जिन्याखालच्या भटक्या कुत्र्यांना हाकलल्यानं त्यांच्या जागी दुसरी येतात. सोसायटीत चार-पाच घरांनी वर्गणी काढून त्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्यानं तीच गोळी अन्नातून दिली तर सगळ्या तळमजल्याचं भलं होईल, कारण गोचिडी तिथूनच आत येतात.

लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस राहिली असेल तर तीही विचारून घ्या, कारण तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पण लस निरोगी कुत्र्यालाच देतात, तेव्हा गोचीडतापाचा कोर्स संपल्यावर. पहिल्यांदा देत असतील तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक.

उद्या जाताना जुलैचा रक्ताचा रिपोर्ट, उरलेल्या गोळ्यांची पट्टी आणि आज रात्री मोजलेला ताप वेळेसकट लिहून न्या. कोणत्या तारखेला गोळ्या थांबवल्या आणि त्या कशाबरोबर दिल्या, हे न संकोचता सांगा. दहीभातासकट.